चांगदेवाचं बोट आणि केसरकाकीचा मका

रेवसच्या जेटीवर लाँचची वाट बघत बसलेल्या कुणालाही विचारा, तो सांगेल की केसरकाकीने दिराची बोटं कोयत्याने छाटली आणि मक्याच्या मुळाशी पुरली, म्हणून तर तिचं कणीस असं शेंड्यापर्यंत भरतं. जेटीवरचा तिकीटवाला दोन बोटं सांगतो. बातमी किहीमला पोचेपर्यंत दोन बोटांचा पंजा होतो. श्रीवर्धनहून सुपारी घेऊन येणारा टेम्पोवाला तर छातीवर हात ठेवून शपथ घेतो, "अख्खा हात, भाऊ! खांद्यापासनं! घड्याळासकट!"

आता खरं ऐका. बोट गेलं हे खरं आहे. उजव्या हाताची करंगळी पूर्ण, आणि शेजारचं अर्धं. पण ते काकीने तोडलं नाही आणि कुणी कुठे पुरलंही नाही. करंगळी बांधावर पडली होती, ती कावळ्याने उचलली आणि समोरच्या भेंडीच्या झाडावर बसून सावकाश खाल्ली. काकी स्वतः सांगते, "दोन धोंडे मारले मी त्याला, पन सोरलीन नाय मेल्यानं. त्याला तरी रोज कुटं मिलतंय असा ताजा?" राहता राहिलं घड्याळ. चांगदेवाने जन्मात घड्याळ घातलेलं नाही.

आणि मका भरतो त्यालाही कारण आहे. ते बोटाएवढं चविष्ट नाही, पण रक्त त्यातही पुष्कळ सांडलंय, काळजी नको.

काकी मूळची पेणकडची, मिठागरावरची. मिठागरावर माणसं लांब लांब उभी असतात आणि मधे नुसतं पाणी आणि वारा, म्हणून तिकडच्या बाया बोलत नाहीत, हाकाच मारतात. काकी लग्न होऊन आमच्या गावात आली ती तो आवाज घेऊनच. ती शेजारणीकडे चिमूटभर मीठ मागते तेव्हा दोन घरांपलीकडची कोंबडी अंडं घालता घालता थांबते. आणि तिचे हात आवाजापेक्षा चपळ. बोलून संपायच्या आत एक तरी बसलेली असते.

तिचा नवरा तुळशीराम ट्रेलर चालवतो, बंदरातून कंटेनर घेऊन कुठे कुठे जातो आणि रविवारी घरी येतो. तो इतकं कमी बोलतो की त्याची नक्कल करायची तर नुसतं नाक ओढावं लागतं. धाकटा दीर चांगदेव मात्र नक्कल करणाऱ्याला देवाने दिलेली भेट. एक हात कमरेवर, मान तिरकी, आणि दर वाक्याला शेपूट. "माजा पानी हाय, मंजे कसं. माजा रस्ता हाय, मंजे कसं." कसं ते तो कधीच सांगत नाही. त्याची बायको नूतन तशी शांत बाई, फक्त हाताला येईल ते फेकते.

या दोन घरांच्या मधे एक बांध होता. सगळ्या मारामारीचं मूळ तो.

आमच्याकडची जमीन रस्त्यापासून खाडीपर्यंत उतरत जाते. रस्त्याकडची माती गोड, खाडीकडची खारट, उन्हाळ्यात तिच्यावर पांढरी पापडी धरते. आडवी वाटणी केली तर एकाला गोड आणि एकाला खारट. म्हणून आमच्याकडचे म्हातारे जमीन उभी चिरतात, बोंबील चिरतात तशी. प्रत्येकाला डोकं, प्रत्येकाला शेपूट, कुणी कुणावर जळायला नको. मग पुढची पिढी तोच बोंबील पुन्हा उभा चिरते. तुळशीराम आणि चांगदेव यांच्या वाट्याला आल्या त्या दोन पट्ट्या म्हणजे लुगड्याचे दोन काठ. दर्याच्या बाजूची चांगदेवाची, डोंगराच्या बाजूची काकीची. भांडण नको म्हणून केलेल्या या वाटणीने आमच्या गावात जितकी डोकी फुटली तितकी दारूनेही फुटली नाहीत.

त्यात मुंबईचा एक माणूस जमीन बघायला आला. त्याला शनिवार-रविवारचा बंगला हवा होता आणि दोन्ही पट्ट्या मिळून हव्या होत्या, कारण एका पट्टीत बंगला मावत नाही, फार तर आगगाडी उभी राहील. चांगदेव एका पायावर तयार झाला. तुळशीरामाने नाक ओढलं, म्हणजे अर्धा तयार झाला. काकी मात्र म्हणाली, "मी मेलं तरी नाय."

तिचं म्हणणं सरळ होतं. तिच्या बापाचं मिठागर असंच गेलं. तिथे कंटेनरचं यार्ड झालं आणि बापाला त्याच यार्डाच्या फाटकावर वॉचमनची खुर्ची मिळाली. आपल्याच जमिनीच्या दारात बसून तो आतल्या ड्रायव्हरांना सलाम करायचा. आमच्या गावातही ज्यांनी विकलं त्यांच्या बाया आज त्याच जमिनीवर जातात, पोहण्याच्या टाकीतला पाला जाळीने काढायला. काकी एकदा एकीबरोबर गेली होती. मालकिणीने तिला चप्पल बाहेर काढायला लावली. जिथे चप्पल काढली तिथे पूर्वी त्या बरोबरच्या बाईच्या सासऱ्याचं खळं होतं. काकी घरी आली आणि तिने विनाकारण एक मडकं फोडलं.

पण नुसतं 'नाय' म्हणून जमीन राहत नाही. तिने काहीतरी दिलं पाहिजे. भात आपल्यापुरता होतो, भातामागे वाल होतो, तोही आपल्यापुरता. काकीने किहीमच्या किनाऱ्यावर बघितलं, मुंबईची माणसं भाजलेलं कणीस लिंबू-तिखट लावून खातात, एक संपलं की दुसरं. आणि ती कणसं येतात घाटावरून. ती गाडीवाल्यावर खेकसली, "माजी जमीन हतं तुज्या मिशीसमोर, आनि तू कनसा आनतस घाटावरशी?" गाडीवाला म्हणाला, तू आण, मी घेतो. झालं.

पहिल्या वर्षी मका मेला. मारणारी काकीच. आम्ही भातवाले. पिकाला पाणी म्हणजे लेकराला दूध, जास्त झालं असं कधी असतं का? तिने भात लावतात तसे बांध घट्ट केले, तळ्याच्या पाटाचं पाणी कोंडलं आणि मक्याला घोटाभर पाण्यात उभं केलं. मका पिवळा पडला, मग काळा. उपटून बघितला तर मुळांना मेलेल्या उंदराचा वास. चांगदेव बांधावर उभा राहिला, हात कमरेवर. "वयनी, मका हाय का कोलंबी? जालं आनू का, मंजे कसं?" काकीने हातातलं फावडं फेकलं. दांडा नडगीवर बसला आणि चांगदेव महिनाभर बगळ्यासारखा एका पायावर चालला.

दुसऱ्या वर्षी ती हुशार झाली. मातीचे वरंबे केले, पाणी नुसतं सरीतून पळवलं. खारट शेपटाकडे पेरलंच नाही. जेटीवरची सडकी मासळी टोपलीने आणून सरीत गाडली. वास असा की शेजारून जाणाऱ्या एसटीच्या काचा आपोआप बंद व्हायच्या. अळी आली. पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, घुसून पान कुरतडणारी. काकीने औषधाची वाट बघितली नाही. रोज सकाळी एकेक पोंगा उघडायचा, अळी चिमटीत धरायची आणि टचकन फोडायची. "तुजी आय मेली, तुजा बा मेला, आता तू मर," असं प्रत्येकीला सांगायची. बोटं हिरवी व्हायची. मका पुरुषभर उंच झाला आणि गाव बघायला आलं.

मग एका सकाळी काकीला पानांवर पिवळी पूड दिसली. बारीक, हळदीसारखी. आपल्या मक्यावर, आणि डोंगराकडच्या शेजाऱ्याच्या वालावरही. तिने ती चिमटीत घेऊन हुंगली आणि मनात ठेवली. पुढे कणसं सोलली तेव्हा ते वर आलं. कणीस हातभर आणि दाणे इथे चार, तिथे दोन, मधे सगळं बोळकं. एक सोललं, दहा सोलली, सगळी तशीच.

"करनी!" काकी ओरडली. ते रेवसला ऐकू गेलं असेल. "हलद टाकलीन माज्या मक्यावर! वालाला पन सोरला नाय!"

ती तशीच नूतनच्या अंगणात गेली. नूतन सुकट वाळत घालत होती.

"हलद कोनी टाकली गो?"

"कसली हलद?"

"माज्या शेतात!"

"जेवनात घालायला पुरत नाय, तुज्या शेतात टाकू?" नूतन म्हणाली. तिने हे म्हणायला नको होतं असं नाही. काहीही म्हटलं असतं तरी तेच झालं असतं. काकीने अंबाडा धरला. नूतनने सुकटाचं सूप तोंडावर हाणलं. काकीने डोळे मिटूनच तिला सुकटीत लोळवली आणि खिशातल्या, म्हणजे ओच्यातल्या, बोळक्या कणसाने पाठीत बडवली. नूतनने मनगटाला चावा घेतला तो हाडापर्यंत. सोडवायला आलेल्या बाईचा दात पडला. तिचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता. तिने आजतागायत कुणाला सोडवलेलं नाही.

रविवारी तुळशीराम आला. बायकोच्या मनगटाकडे बघितलं, मग एक कणीस सोललं आणि बराच वेळ त्या बोळक्याकडे बघत राहिला. "आयची आठवन आली," म्हणाला. मग नाक ओढून म्हणाला, "अजून एक मोसम. भरला त ठेवू. नाय भरला त सही करतंय." तुळशीराम एकदम इतकं बोलला म्हणजे ते दगडावरचं झालं. काकीने मान हलवली. त्या दिवशी तिने कुणालाच मारलं नाही, म्हणून गाव घाबरलं.

हे चांगदेवाच्या कानावर जायला वेळ लागला नाही. आता त्याला एवढंच करायचं होतं की तिसऱ्या वर्षी काकीचा मका भरता कामा नये. आणि त्याने डोकं चालवलं. तळ्याचं पाणी आमच्याकडे पाळीने मिळतं, पण ज्याचं पीक उभं त्यालाच पाळी. चांगदेवाची पट्टी भातानंतर ओसाड असायची, म्हणून त्याची पाळी काकी वापरायची. तेव्हा काकीने पेरल्यावर चारच दिवसांनी चांगदेवाने आपल्या पट्टीत मका फेकला. पेरला नाही, फेकलाच, कोंबड्यांना टाकावा तसा. आता त्याचंही पीक उभं, त्याचीही पाळी. आपल्या पाळीला तो पाटाचं तोंड फोडायचा, पाणी आपल्या पट्टीतून खाडीत सोडायचा आणि बांधावर बिडी ओढत बसायचा.

काकीच्या मक्याच्या पानांच्या दुपारी सुरळ्या होऊ लागल्या. ती दोनदा सांगून आली. तिसऱ्यांदा सांगायला गेली नाही, फळी घेऊन गेली.

"पानी खारीत सोरतस?"

"माजी पाली हाय. पितो नायतर सांडतो, मंजे कसं."

"माजा मका मरतंय!"

"मरूदे की. मंजे कसं, त्याचा पन टायम आला आसंल."

फळी खांद्यावर बसली. चांगदेवाने काकीला पाटात ढकललं, ती चिखलातून उठली आणि त्याच्या छातीवर गेली. दोघं गडगडत त्याच्याच मक्यात शिरली. मका कडाकड मोडला. काकीने त्याला मक्याच्या चांगल्या जाड ताटाला टेकवून गळा धरला आणि हलवायला लागली. चांगदेव हलला, ताट हललं, ताटाच्या डोक्यावरचा तुरा हलला.

आणि वरून हळद पडली.

चांगदेवाच्या भुवयांवर पडली, काकीच्या घामेजल्या दंडावर चिकटली. दर्यावरचा वारा नुकताच सुटला होता. तो त्या पिवळ्या धुराला उचलून बांधापलीकडे घेऊन गेला, थेट काकीच्या कणसांवर. तिच्या कणसांना नुकत्याच मिशा फुटल्या होत्या, ओल्या, गुलाबी. पूड तिथे जाऊन बसली.

काकीचे हात गळ्यावरच थांबले. तिने अजून एकदा चांगदेवाला हलवलं, नुसतं बघायला. पुन्हा पिवळा धूर.

"नूतन नवती," ती म्हणाली. "गेल्या वरशी नूतन नवती टाकत."

मग तिला सगळं लख्ख दिसलं. गेल्या वर्षी तिच्या पट्टीत मक्याच्या मोजक्या ओळी, आणि आडवा वारा. तिच्या तुऱ्यांची धूळ तिच्या कणसांवर पडायच्या आधीच वाऱ्याने उचलून शेजाऱ्याच्या वालावर नेऊन ओतली. वालाला तिचा काय उपयोग? कणसाच्या मिशीचा एकेक केस म्हणजे आतला एकेक दाणा. ज्या केसाला धूळ नाही, त्याचा दाणा नाही. यंदा मात्र वाऱ्याच्या तोंडावर चांगदेवाची अख्खी पट्टी उभी होती आणि ती सगळी धूळ काकीच्या मक्यात येत होती.

इथे शहाणी बाई गप्प बसली असती. पण काकी मिठागरावरची. तिने दिराचा गळा सोडला, त्याच्या दोन्ही गालांवर थापा मारल्या आणि ओरडली, "आरं चांगदेवा, तुजा मका माजा मका भरतंय रं! तुज्यानंच भरतंय! टाक आजून, टाक!"

चांगदेव गळा चोळत उठला. त्याने आपल्या तुऱ्यांकडे बघितलं, वाऱ्याकडे बघितलं, मग काकीकडे. या खेपेला त्याने शेपूटही लावलं नाही. नुसता घरी गेला आणि कोयता दगडावर घासायला बसला.

दुसऱ्या सकाळी वारा सुटायच्या आधी तो आपल्या मक्यात शिरला आणि तुरे छाटायला लागला. सपासप. काकी पाणी बघायला आली तर पलीकडे तुरे पडताना दिसले, एकामागून एक, मुंडकी पडावीत तशी. तिने आपल्या कणसांकडे बघितलं. मिशा अजून ओल्या होत्या. आज आणि उद्या धूळ मिळाली नाही तर सगळं बोळकं, आणि तुळशीरामाची सही ठरलेली.

"ए! सोर! कोयता सोर!"

"माजं शेत, माजे तुरे. कापीन नायतर जालीन!"

"तुजा मका तूच मारतस? येरा झालास क?"

"हो, येरा!"

आमच्या गावाने पुष्कळ मारामाऱ्या बघितल्यात, पण माणसाचं पीक त्याच्याच हातून वाचवायला त्याला बडवणारी बाई पहिलीच. काकीने कुंपणातला बांबू उपसला आणि बांधावरून उडी मारली. पहिला बांबू त्याच्या पाठीवर, दुसरा ढोपरावर. त्याने कोयता फिरवला, बांबूचं टोक उडालं, फिरवला, अजून एक वीत उडालं. बांबू आखूड होत चालला, तशी काकी जवळ जात चालली. तिच्या कपाळावर ताटाचा फटका बसून रक्त डोळ्यात येत होतं. चांगदेवाचा ओठ फाटला होता. दोघं मक्याच्या ऐन मधे पोचली, जिथे सगळ्यात दाट होतं.

तिथे डुक्कर झोपलं होतं.

काकीच्या सरीतल्या सडक्या मासळीच्या वासाने ते डोंगरावरून आलं असणार. खाऊन, लोळून, गारव्याला पसरलं होतं. त्याच्या कुशीवर चांगदेवाचा पाय पडला. मग जे झालं ते काकी सांगते तेव्हा ती स्वतःच डुक्कर होते, मान खाली, खांदे वर, आणि "हुऽऽर्क!" असा आवाज काढते की पोरं आईला चिकटतात. डुकराने चांगदेवाला आडवा केला आणि सुळा पोटाकडे आणला. चांगदेवाने पोट वाचवायला कोयत्याचा हात पुढे केला. डुकराने तो हातच तोंडात घेतला आणि मान झटकली. करंगळी उडून बांधावर गेली, कोयता काकीच्या पायाशी.

काकीला तिथून पळून जाता आलं असतं. दीर मेला असता तर तुरे वाचले असते, हे ती आम्हाला स्वतः सांगते, हसत. "मना सुचला व्हता तो इचार. आगदी पलभर." पण तिने कोयता उचलला आणि दोन्ही हातांनी डुकराच्या खांद्यात घातला, मुठीपर्यंत. डुक्कर किंचाळलं, वळलं, काकीला मांडीवर एक सुळा ओढून गेलं आणि कोयता खांद्यात घेऊन मका चिरत खाडीकडे पळालं. ते कुणाला पुन्हा दिसलं नाही. कोयताही नाही.

काकीने लुगड्याचा पदर फाडला आणि चांगदेवाचा पंजा आवळला. इतक्यात ओरडा ऐकून नूतन आली. तिने बघितलं ते असं: नवरा चिखलात, हाताला बोट नाही, आणि त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसलेली रक्ताने माखलेली जाऊ. चांगदेव बिचारा काकीकडे हात करून ओरडत होता, "डुकर! डुकर!" नूतनला वाटलं, नवरा जावेलाच म्हणतोय, आणि बरोबरच म्हणतोय. तिने धोंडा उचलला आणि काकीच्या डोक्यात घातला. त्या धोंड्याबरोबरच ती अफवा जन्माला आली, कारण नूतन ओरडत रस्त्याला लागली ती एसटीत बसलेल्या सगळ्यांनी ऐकली.

चांगदेवाला अलिबागला नेलं. पट्टी बांधून तो सुटून आला तोवर काकीच्या कणसांच्या मिशा सुकून तपकिरी झाल्या होत्या. उरलेल्या तुऱ्यांनी काम केलं होतं, किंवा केलं नव्हतं. कणीस सोलल्याशिवाय कळत नाही. आणि काकीने एकही सोललं नाही. डोक्याला टाके, मांडीला टाके, तरी रोज बांधावर बसून राहिली. ज्याने कणसाला हात लावला त्याच्या हातावर काठी.

तुळशीराम एका रविवारी आला. शेतात गेला, मधल्या ओळीतलं एक कणीस मोडलं, पहिलं पान ओढलं, दुसरं ओढलं. काकी दुसरीकडे बघत होती. तिने आयुष्यात पहिल्यांदा आवाज काढला नाही. तुळशीरामाने शेवटचं पान ओढलं. दाण्याला दाणा खेटून, बुडापासून शेंड्यापर्यंत, कुठे बोट घालायला जागा नाही. त्याने नाक ओढलं. कच्चंच अर्धं खाल्लं. मग खिशातून फोन काढला, बंगलेवाल्याला लावला, "नाय देत," म्हणाला आणि उरलेलं अर्धं खाल्लं.

काकीने त्याला पाठीत एक गुद्दा घातला. आनंदाचा. तो खोकत बसला.

पलीकडे चांगदेवाने आपली कणसं सोलली. वाऱ्याच्या तोंडाच्या त्याच्या ओळी, त्यांच्यावर कुणाचीच धूळ येत नव्हती. बोळकी, सगळी बोळकी. तो बांधावर आला आणि डाव्या हाताने काकीच्या कानशिलात मारली. "चोर! माजी धूल चोरलीस!" डाव्या हाताची ती, काकी हललीसुद्धा नाही. तिने उलट मारायला हात उचलला तो नूतनने मागून धरला. आता परत सूप आणि अंबाडा होणार म्हणून गाव सरसावून बसलं. पण नूतन म्हणाली, "मारू नको गो. आनि तू रं, गप. तिनं नसता घातला कोयता, त आज तुजा बारावा झाला असता. बंगलेवाला एकल्या पट्टीला इचारत नाय. आता मका तरी करू."

काकीने ऐकलं. मग तिने आपल्या परीने करार केला, म्हणजे ओरडून सांगितलं. दोन्ही पट्ट्या एक करायच्या. ओळी रस्त्यापासून खाडीकडे नाही, दर्यापासून डोंगराकडे टाकायच्या, आरपार, चौकोन भरून. वारा कुठूनही येवो, धूळ आपल्याच घरात पडली पाहिजे. दर्याच्या कडेची कणसं बोळकी राहतील ती म्हशीला. बाकीचं अर्धं अर्धं. पाणी एका पाळीचं, मासळी बंद, कारण डुक्कर. आणि मधला बांध फोडायचा.

बांध फोडायला चौघं उतरली. सासऱ्याने घातलेला बांध. चांगदेव डाव्या हाताने कुदळ मारत होता आणि प्रत्येक घावाला काकीला शिव्या देत होता. काकी दोन शिव्या परत करत होती. मधेच त्याची कुदळ तिच्या अंगठ्यावर बसली, मुद्दाम की चुकून ते देव जाणे, आणि तिने ढेकूळ त्याच्या तोंडावर फोडलं. तुळशीराम नाक ओढत माती पसरत होता. संध्याकाळपर्यंत बांध सपाट झाला. तिथून चालताना आता पायाला थोडं मऊ लागतं, एवढंच.

आम्ही पारावर बसून हे बघितलं होतं. मी काकीला म्हटलं, "दसऱ्याच्या आत बांध परत उभा राहतो की नाही बघ. लाव पैज." काकी म्हणाली, "लाव. हारलास त माज्या मक्यातले पोपट हाकायचे. आनि गप बसून नाय, माज्या आवाजात." मी लावली. मला वाटलं, ही आणि चांगदेव एका शेतात, पावसाळासुद्धा निघणार नाही. भात लावताना त्याने तिला चिखलात पाडली. भात कापताना तिने त्याच्या विळ्याची मूठ त्याच्याच डोक्यावर वाजवली. एकदा तर बांध कुठे होता यावरूनच दोघांनी एकमेकांना चावलं. पण बांध कुणी घातला नाही. दसरा आला, सोनं वाटून झालं, भातामागे मका उभा राहिला, आणि काकी माझ्या दारात उभी राहून म्हणाली, "चल रं."

मका तुऱ्यात आल्यापासून मी तिथे उभा आहे. माझ्या आवाजाला पोपट ढिम्म हलत नाहीत. म्हणून मी छाती भरून घेतो आणि मिठागरावरची हाक मारतो, "आरं ए मेल्याऽऽ!" पोपट उडतात, अख्खा थवा. आणि पलीकडच्या ओळीत चांगदेव, तीन बोटांचा आणि अर्ध्या बोटाचा हात डोक्यावर धरून, खाली बसतो.